बंदूक नंतर, आधी गॉगल : एअरसॉफ्टचं माझं पहिलं वर्ष

मागच्या आठवड्यात साताऱ्याहून धाकट्या भावाचा फोन आला, ताई मी जूनमध्ये येतोय तिकडे, मला पण ने ना त्या तुझ्या खेळाला, आणि लगेच पुढचा प्रश्न, "कुठली गन घेऊ?" सगळे हेच विचारतात. मीही वर्षापूर्वी हेच विचारलं होतं. फोनवर त्याला अर्धा तास समजावत बसले, तरी निम्मं राहूनच गेलं, म्हणून म्हटलं आता सगळं सविस्तर लिहूनच काढू. इथे यूकेत आपली बरीच मंडळी आहेत ज्यांना वीकेंडला घराबाहेर पडून काहीतरी अंगमेहनतीचं करायचंय, त्यांनाही उपयोग होईल.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एअरसॉफ्ट म्हणजे खऱ्या बंदुकीसारख्या दिसणाऱ्या रिप्लिका घेऊन दोन टीम जंगलात नाहीतर जुन्या रिकाम्या इमारतींमध्ये एकमेकांशी खेळतात, गोळी म्हणजे ६ मिलीमीटरचा प्लास्टिकचा गोल छर्रा, त्याला सगळे बीबी म्हणतात. खेळ मूळचा जपानचा, सत्तरच्या दशकातला, तिथे सामान्य माणसाला खरी बंदूक बाळगणं जवळपास अशक्यच, त्यातून हा प्रकार निघाला, आणि १९९१ साली टोकियो मारुई कंपनीने बॅटरीवर चालणारी पहिली ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक गन काढली तिथून तो जगभर पसरला. लोणावळ्याला ऑफिसच्या पिकनिकला आपण जो पेंटबॉल खेळतो त्याच्याशी नातं आहे, पण एक मोठा फरक आहे. पेंटबॉलमध्ये लागलं की अंगावर रंग फुटतो, इथे काहीच उमटत नाही. त्या फरकावर सगळा खेळ उभा आहे, त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

माझा पहिला दिवस नोव्हेंबरातला. मी रेडिंगला राहते, ऑफिसमधला एक कलीग दोन-तीन वर्षं खेळत होता, त्याच्या गाडीतून पाऊण तास लांब एका जंगलात गेलो, सकाळचे पावणेनऊ, गवतावर दव, घोट्यापर्यंत चिखल, आणि शेडमध्ये वीस-पंचवीस माणसं चहाचे मग हातात घेऊन उभी. प्लंबर, नर्स, शाळेतले मास्तर, एक रिटायर झालेले आजोबा आणि त्यांचा नातू. मला वाटलं होतं की सगळी लष्करी खाक्याची तिशीतली पोरं असतील आणि मी एकटीच बाई, तसं काही नव्हतं, आणखी तिघी होत्या. एकीने स्वतःहून येऊन माझी वेणी जॅकेटच्या आत घालायला सांगितली कारण झुडपात अडकते. इतकी साधी गोष्ट, पण त्यानंतर मला परकं वाटलंच नाही.

आता मुद्दा. मला चष्मा आहे, मायनस साडेपाच, त्याच्याशिवाय मला समोरचं झाड आणि माणूस यातला फरक कळत नाही. भाड्याच्या किटमध्ये पूर्ण चेहऱ्याचा मास्क मिळतो, तो मी चष्म्यावरच चढवला, आणि पहिली गेम सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील की आतून सगळं धुकं. थंडीत पळायचं, घाम यायचा, श्वास वर चढायचा आणि काचेवर जाऊन बसायचा. मी एका पडलेल्या झाडाच्या आड बसले होते, काहीच दिसत नव्हतं, आणि काही विचार न करता उजव्या हाताने मास्क हनुवटीखालून उचलला आणि डाव्या हाताचं बोट आत घालून चष्मा पुसायला लागले.

जोरात शिट्टी वाजली. मग एक आवाज, "सीझ फायर!", तो ऐकला की ज्याने ऐकला त्याने तसंच ओरडायचं असतं, त्यामुळे तो शब्द माझ्यापासून लांब लांब जात सगळ्या जंगलभर फिरला आणि एका क्षणात सगळ्यांचा खेळ थांबला. मार्शल, म्हणजे खेळावर आणि नियमांवर लक्ष ठेवणारा तिथला माणूस, साठीचा, उंच, पळत आला, माझ्यासमोर गुडघ्यावर बसला, दोन्ही हातांनी माझा मास्क खाली दाबून धरला, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला की पोरी, काही दिसत नसेल तर डोळे मीट, हात वर कर, आणि हाक मार, आम्ही येऊन हाताला धरून बाहेर नेऊ, पण हे चेहऱ्यावरून हलवायचं नाही, कधीच नाही. मग खरंच मला हाताला धरून सेफ झोनपर्यंत नेलं, तिथे मास्क काढायला लावला, स्वतःच्या बॅगेतलं अँटीफॉग काढून माझ्या चष्म्याला आणि मास्कच्या काचेला लावून दिलं. रागावला असता तर मी कदाचित परत गेले नसते. त्याने घाबरून जे केलं ते बघून मला कळलं की इथे काय जाऊ शकतं.

तर भावा, पहिला खर्च डोळ्यांवर. आणि इथे थोडं खोलात जाते, कारण बहुतेक लोक इथेच फसतात, मीसुद्धा फसले.

दुसऱ्या गेमच्या आधी मी ऑनलाइन एक मस्त दिसणारा "टॅक्टिकल" गॉगल मागवला, स्वस्तात, फोटोत सैनिक वगैरे. शेडमध्ये त्या आजोबांना दाखवला तर त्यांनी तो हातात घेऊन उन्हाकडे धरला, उलटसुलट केला आणि विचारलं, ह्याच्यावर काही लिहिलंय का? काहीच नव्हतं. म्हणाले, टेस्ट करू या? फायरिंग रेंजवर एका पुठ्ठ्याच्या खोक्याला तो गॉगल लावला, आम्ही सगळ्यांनी आपापले मास्क घातले आणि त्यांनी जवळून एक बीबी मारली. मधोमध तडा, आणि आतल्या बाजूने नखाएवढा तुकडा सुटून खोक्यात पडला. मी तो तुकडा बोटांनी उचलून बघितला, कडा ब्लेडसारखी. तो अजून माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे.

काय बघायचं ते आता सांगते. युरोपात डोळ्यांच्या संरक्षणाचं जे जुनं स्टँडर्ड सगळीकडे दिसतं ते ईएन १६६. चांगल्या गॉगलच्या काचेवर आणि फ्रेमवर दोन्हीकडे बारीक अक्षरं कोरलेली असतात, त्यात एफ, बी किंवा ए हे अक्षर शोधायचं. टेस्ट अशी असते की ६ मिलीमीटरची ०.८६ ग्रॅमची स्टीलची गोळी त्या काचेवर मारतात, एफ साठी सेकंदाला ४५ मीटर वेगाने, बी साठी १२०, ए साठी १९०. आता हिशोब करा. एफ म्हणजे साधारण ०.८७ जूल, जूल म्हणजे ताकदीचं माप. आणि इथल्या बऱ्याच साइटवर, म्हणजे खेळाच्या जागांवर, साध्या गनची लिमिट असते ०.२० ग्रॅमच्या बीबीने ३५० एफपीएस, सेकंदाला ३५० फूट, म्हणजे जवळपास १.१४ जूल. म्हणजे एफचा शिक्का ज्या ताकदीला तपासलेला आहे त्यापेक्षा समोरून येणारा छर्रा जास्त ताकदीचा असू शकतो! बी म्हणजे ६ जूलच्या वर, तिथे पुरेसं मार्जिन आहे. आणि चष्म्यासारखे दिसणारे सेफ्टी ग्लासेस या स्टँडर्डमध्ये एफच्या वर जातच नाहीत, बी मिळतो तो गॉगलला आणि फेसशील्डला, ए फक्त फेसशील्डला. म्हणून मी सांगते की बी लिहिलेला, चारी बाजूंनी चेहऱ्याला चिकटून बसणारा गॉगल घ्या, बाजूच्या फटीतून बीबी आत शिरण्याचा प्रश्नच राहत नाही. आपला रोजचा नंबरचा चष्मा हे संरक्षण नाही, तो उलट फुटून आत जाईल.

चष्मेवाल्यांसाठी दोन रस्ते आहेत. एक, चष्म्यावरून बसणारे मोठे गॉगल, ओव्हर द ग्लास म्हणतात, त्यात डबल काच म्हणजे थर्मल लेन्स असली तर धुकं बरंच कमी होतं, आणि काही गॉगलमध्ये तर छोटा पंखा असतो. दुसरा, गॉगलच्या आत बसणारी नंबरची इन्सर्ट करून घ्यायची. मी आधी पहिला रस्ता घेतला, थर्मल काचेचा गॉगल, आणि गेमच्या आदल्या रात्री चष्म्याला आणि गॉगलला दोन्हीला अँटीफॉग. नव्वद टक्के काम होतं. आता इन्सर्ट करायला टाकलंय, कारण चष्म्याची दांडी गॉगलच्या फोमखाली दाबून संध्याकाळपर्यंत कानशिलं ठणकायला लागतात.

जाळीचे गॉगल पण मिळतात, लोखंडी मेशचे, त्यांना धुकं धरतच नाही म्हणून लोक वापरतात, आणि मला खूप जणांनी सांगितलं की घेऊन टाक, तुझा प्रॉब्लेम संपला. मी घेतले नाहीत. हलक्या प्रतीची बीबी झाडावर किंवा भिंतीवर आपटून फुटते आणि तिचे बारीक तुकडे जाळीतून आत येऊ शकतात. मला धुकं चालेल, मी हात वर करून बाहेर जाईन.

जाळी मी वापरते ती खालच्या चेहऱ्याला, नाकापासून हनुवटीपर्यंत. कारण दात. ज्या कलीगने मला तिथे नेलं तो दोन वर्षं फक्त गॉगल घालून खेळला, म्हणायचा तोंडावर काही घातलं की निशाणा नीट लागत नाही, आणि जानेवारीत एका खोलीच्या दारात समोरून बीबी आली आणि वरचा पुढचा दात अर्धा गेला. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, कडक जाळी असली की गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकत नाही आणि नेम धरायला बंदुकीवरून नीट बघता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे ज्याच्या गालाकडच्या बाजू कापडाच्या आणि फक्त तोंडासमोर जाळी असते तसा मास्क, माझा तसाच आहे. कानांवर लोकरी टोपी खाली ओढायची, थंडीत कानाच्या पाळीवर बीबी बसली की डोळ्यांत पाणी येतं. गळ्याला बफ, म्हणजे नळीसारखं कापड. हातमोजे घ्याच, बंदूक धरल्यावर बोटांची पेरं सगळ्यात पुढे असतात. बाजारात मिळणारे बरेचसे मला मोठे होतात, शेवटी बागकामाचे पातळ लहान साइजचे घेतले आणि ते उत्तम आहेत.

बूट मात्र घोट्याच्या वर जाणारे घ्या. मी सह्याद्रीत ट्रेक करायचे तेच कमी उंचीचे बूट घेऊन गेले होते, आपल्याकडच्या कातळावर ते घोरपडीसारखे चिकटतात, पण इथल्या ओल्या पानांखाली काय आहे ते कळत नाही, मूळ असतं, सशाचं बीळ असतं, आणि एअरसॉफ्टमध्ये बीबीपेक्षा जास्त माणसं पाय मुरगळूनच घरी जातात असं सगळे जुने खेळाडू सांगतात. कपड्यांवर पैसे घालवू नका. ब्रिटिश आर्मीचे जुने कपडे सरप्लसच्या दुकानात मिळतात, २०१० च्या आसपास त्यांनी जुनं डीपीएम कॅमोफ्लाज बदलून एमटीपी आणायला सुरुवात केली त्यामुळे जुना माल भरपूर आहे, मजबूत आहे, काट्यांत फाटत नाही. छातीवर बांधायची ती जड प्लेट कॅरिअर तर पहिल्या वर्षी नकोच, एक साधा पट्टा आणि दोन पाऊच पुरतात.

आता गन. इथे कायदा आडवा येतो, आणि तो समजून घेतला की घाई आपोआप कमी होते. यूकेत २००६ च्या व्हायोलंट क्राइम रिडक्शन ॲक्टनुसार खऱ्यासारखी दिसणारी रिप्लिका कुणालाही उठून विकत घेता येत नाही, विक्रेत्याला दाखवावं लागतं की घेणारा खरोखर एअरसॉफ्ट खेळतो. त्यासाठी युकारा नावाचा डेटाबेस आहे, दुकानदारांच्या संघटनेचा. वय १८ पूर्ण हवं, आणि नोंद असलेल्या साइटवर किमान तीन गेम खेळायच्या, त्याही कमीत कमी ५६ दिवसांच्या काळात पसरलेल्या, म्हणजे एका वीकेंडमध्ये उरकता येत नाही. मग साइटवाले अर्ज पुढे पाठवतात, नंबर मिळतो, तो दर वर्षी रिन्यू करायचा. त्याआधी हवीच असेल तर टू-टोन मिळते, निम्म्याहून जास्त भाग भडक निळा, हिरवा, नारिंगी वगैरे रंगवलेली. लोक त्याला नाक मुरडतात. मला विचाराल तर त्या तीन गेम भाड्याच्या गनवर खेळून घ्या, कारण तेव्हाच कळतं की आपल्याला जंगल आवडतं का इमारती, लांब गन पेलते का, दिवसभर तीन किलो हातात धरून दंड भरून येतात का.

माझी आता एक आखूड एम४ आहे, म्हणजे एम४ रायफलची रिप्लिका, इलेक्ट्रिक. एम४ यासाठी की तिचे मॅगझिन आणि स्पेअर पार्ट कुठेही मिळतात आणि बिघडली तर शेडमधल्या निम्म्या लोकांना ती उघडता येते. बॅटरी ७.४ व्होल्टची लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, ती बॅलन्स चार्जरवर, आगीला टिकणाऱ्या पिशवीत ठेवून आणि समोर बसून चार्ज करायची, रात्रभर लावून झोपायचं नाही, हे लिपोच्या बाबतीत अगदी कडक. बीबी मी ०.२५ ग्रॅमची वापरते, बायोडिग्रेडेबल, बाहेरच्या बऱ्याच साइटना तीच लागते. जमिनीवरची उचलून परत भरायची नाही, एक मातीचा कण नळीत गेला की गन जॅम. नळीच्या मागच्या टोकाला, जिथून बीबी आत शिरते तिथे, हॉप-अप म्हणून एक रबर असतं, ते बीबीला मागच्या बाजूला फिरकी देतं आणि ती जास्त वेळ हवेत तरंगते, ते नीट सेट करायला मला शेजारच्या अनोळखी माणसाने पाऊण तास दिला, स्वतःच्या बीबी खर्च करून.

सकाळी प्रत्येक गन क्रोनोवर, म्हणजे बीबीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, तपासली जाते. बीबी जड केली की एफपीएसचा आकडा खाली येतो पण ताकद तेवढीच राहू शकते, ०.२५ ग्रॅमने ३१३ एफपीएस म्हणजे पुन्हा तेच १.१४ जूल, म्हणून चांगले मार्शल तुमच्या मॅगझिनमध्ये काय आहे ते विचारतात. कायद्याची वरची हद्द ऑटोमॅटिकला १.३ जूल आणि एकेक मारणाऱ्या गनला २.५ जूल. स्नायपरवाल्यांना म्हणूनच जवळून मारायला बंदी असते, माझ्या साइटवर ३० मीटर. सेफ झोनमध्ये शिरण्याआधी मॅगझिन काढायचं, जमिनीकडे दोन-तीन वेळा ट्रिगर दाबून नळी रिकामी करायची, सेफ्टी लावायची, मग आत, आणि गॉगल आत आल्यावरच काढायचा. गन नेहमी बॅगेत, गाडीच्या डिकीत. रस्त्यात, पेट्रोल पंपावर उघडी दिसली तर पोलीस येतील आणि त्यांना ती खरी नाही हे लांबून कळणार नाही. आणि भावा, परत जाताना बॅगेत एखादी टाकून नेऊ हा विचारही करू नकोस, मुंबईच्या कस्टममध्ये अडकशील.

आता तो फरक, रंग न उमटण्याचा. बीबी लागली की ती लागल्याचं फक्त तुम्हालाच माहीत असतं. तुम्ही हात वर करायचा, "हिट" म्हणून ओरडायचं, लाल फडकं डोक्यावर टाकायचं आणि चालत परत जायचं. बस. पुरावा नाही, आउट देणारा अंपायर नाही. आपल्या गल्ली क्रिकेटमध्ये एखादाच असायचा ना, कट लागल्याचं कुणालाच ऐकू गेलं नाही तरी स्वतःहून बॅट खाली ठेवून चालू लागायचा, तर इथे सगळ्यांनी तोच मुलगा व्हायचं असतं.

मार्चमध्ये एका गेमला आमच्या टीमची मी एकटीच उरले होते, झेंडा माझ्यापासून दहा पावलांवर, समोर कुणी नाही. उठून पळाले आणि पाठीवरच्या पाऊचला टिक् असा आवाज आला. अंगाला काहीच लागलं नाही, जाड कॅनव्हास होता, कुणाकडून आली तेही दिसलं नाही, आणि ज्याने मारली त्यालाही बहुतेक कळलं नसावं कारण त्याने पुढे मारलीच नाही. माझ्या साइटवर अंगावरच्या सामानाला लागली तरी हिटच धरतात. मी दोन पावलं आणखी टाकली, खोटं का सांगू, आणि थांबले, हात वर केला. गेम हरलो. परत येताना काटेरी झुडपातून एक पोरगा उठला, सोळा-सतराचा, आणि म्हणाला, मला वाटलं माझी चुकली. दुपारी चहाला तो आणि त्याचा बाप माझ्या टेबलावर येऊन बसले, तेव्हापासून आम्ही एकाच टीममध्ये खेळतो.

आईला अजून हे सगळं पटलेलं नाही. "अगं, बंदुका-बिंदुका कशाला, बॅडमिंटन खेळ की." मी तिला व्हिडिओ कॉलवर गॉगल घालून दाखवला, मास्क लावला, टोपी ओढली, हातमोजे चढवले, तर म्हणाली, हां, एवढं असेल तर जा.

भावासाठी मी चष्म्यावरून बसणारा एक गॉगल घेऊन ठेवलाय, काचेवर बी आहे, फ्रेमवरही आहे, मी भिंगाने तपासलंय. खालचा मास्क माझा जुना चालेल. गन भाड्याची. बुटाचा नंबर मात्र त्याने अजून कळवलेला नाही, आणि जूनच्या दुसऱ्या रविवारचं बुकिंग मी आजच करतेय.